पाण्याच्या गाण्यातला आवाज

१२ जानेवारी, रविवार

आज उपासना संपल्यावर पाळकांनी क्वायरला थांबवून घेतलं आणि प्रत्येकाची एका कागदावर सही घेतली. या कामाबद्दल कोणालाही काही सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही, असं त्यात होतं. आमच्या मागच्या रांगेतला लंबू म्हणाला, "माझी बायको इथेच उभी आहे, तीही सही करतेय. मग आम्ही एकमेकांना सांगायचं की नाही?" पाळकांनी त्याच्याकडे पेन सरकवलं.

डायरी म्हणजे कोणी माणूस नव्हे, म्हणून इथे लिहिते. चष्म्याच्या दुकानात दर वर्षी काचांच्या कंपनीकडून एक डायरी येते. मालक ती मला देतात आणि मी ती कोरीच ठेवते. प्रत्येक पानाच्या तळाशी डोळ्यांची काळजी कशी घ्यावी ते छापलंय.

तर काम असं. एक सिनेमा येतोय. मोठी गायिका झालेली एक बाई वडिलांच्या चर्चमध्ये परत येते, अशी गोष्ट. त्यातली मुख्य बाई तीच, जिची गाणी रिक्षापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजतात. तिचं नाव लिहीत नाही, सही केली आहे. सिनेमाच्या आधी गाण्यांचा अल्बम निघणार आणि त्यातली गाणी आमच्या जुन्या क्वायरच्या वळणाची असणार. एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, तसली. स्टुडिओतले पगारी गाणारे तिला नको आहेत. खरी क्वायर हवी. कोणीतरी आमचं नाव सांगितलं.

त्यांना आमचं पाण्याचं गाणं हवंय. हाक देणारा विचारतो, "पाणी किती खोल आहे?" आणि बाकीचे म्हणतात, "उतर, आम्ही आहोत." असं वाढत वाढत जातं. हाक आता ती गायिका देणार. आमच्याकडे द्यायला कोणी नाहीच. माझा धाकटा भाऊ द्यायचा.

धाकटा गेल्या ऑगस्टमध्ये वारला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. एका इमारतीच्या गच्चीवर, मशिनच्या खोलीत, पाना हातात घेऊन खाली बसला तो उठलाच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. चाळिशीही आली नव्हती. फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला काडी बसवत होते. ती बसवली, त्यांना चष्मा घालून बघायला लावलं आणि मग निघाले. लोक त्यावरून अजून बोलतात. सुट्या काडीने त्या माणसाला रस्त्यावर कसं पाठवायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

मी ठीक आहे. झोप लागते.

१५ जानेवारी, बुधवार

आज दुकानात गर्दी नव्हती.

घरी मी आणि भावजय दोघीच. ती नर्स आहे. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बोलावलंय, लहान मुलांच्या अख्ख्या वॉर्डची जबाबदारी. डिसेंबरात जाणार होती. मग म्हणाली मार्चमध्ये. तिचं काही ठरतच नाही. अशी चालढकल केली तर ते दुसऱ्या कोणाला घेतील, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "बघू या, ताई," आणि माझ्या डब्यात काय उरलंय ते उघडून बघायला लागली. रोज बघते. नर्सांना सवयच असते तशी.

तिच्याबद्दल मला एक कळत नाही. धाकट्याचे कपडे तिने महिन्याच्या आत काढून चर्चमध्ये देऊन टाकले. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "तुम्ही दर रविवारी त्यांचे शर्ट इस्त्री करताय, ताई." केले असतील. चुरगळलेले कपडे कोणाला द्यायचे का? पण तिच्या मनाला काहीच वाटलं नसेल का, असं तेव्हा आलं होतं मनात. काही माणसं असतात कोरडी.

१९ जानेवारी, रविवार

ती गायिका आली.

मला वाटलं होतं चार गाड्या येतील. एकच आली. साधा कोट, काळा चष्मा, केस बांधलेले. उपासना चालू असताना शेवटच्या बाकावर बसली. पोस्टरवर केवढी दिसते, प्रत्यक्षात आमच्या भावजयीएवढीच. लोकांनी ओळखलं पण माना वळवल्या नाहीत. पाळकांनी आधीच दम दिला होता.

नंतर आम्ही तिला दोन गाणी म्हणून दाखवली. मी समोर उभी राहून हात करते, म्हणजे क्वायरला हातांनी इशारे देते. ती माझ्या पाठीमागे, पहिल्या बाकाशी. गाणं संपल्यावर ती क्वायरशी छान बोलली. म्हणाली की तिची आई अशीच एक क्वायर चालवायची, आणि ती स्वतः पाच वर्षांची असताना खुर्चीवर उभी राहून गायची. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही गात नाही."

मी म्हटलं, "माझं काम हात करायचं. सगळं ऐकू आलं पाहिजे."

"माझी आई गायची. हात करता करता."

"प्रत्येकाची पद्धत."

तिने मान हलवली. सगळे तिला मॅडम म्हणतात. मीही म्हटलं.

खरं तर पूर्वी मीही गायची. घसा साथ देत नाही हल्ली. हिवाळा आहे.

२६ जानेवारी, रविवार

आज संगीत दिग्दर्शक आले होते. अंगाने बारीक, सतत घड्याळाकडे बघणारे, पण उद्धट नाहीत. त्यांनी पाण्याचं गाणं पाच-सहा वेळा करून घेतलं. मॅडम हाक द्यायच्या, आम्ही उत्तर.

गळा काय आहे त्यांचा. "खोल" या एका शब्दावर त्या जिना उतरावा तशा खाली येतात, प्रत्येक पायरीवर एक हरकत. आमची पोरं ऐकतच राहिली आणि उत्तर द्यायला उशीर झाला. दुसऱ्यांदा वेळेवर दिलं. तिसऱ्यांदा अगदी वेळेवर. दिग्दर्शक म्हणाले, "सगळं बरोबर आहे." आणि परत सुरुवातीपासून घ्यायला लावलं.

मला तर बरोबरच वाटलं. सूर शुद्ध होता, शब्द एकत्र पडत होते. आणखी काय पाहिजे असतं ते त्यांनाही सांगता येईना. "यांनी विचारल्यासारखं वाटत नाही आणि त्यांनी उत्तर दिल्यासारखंही नाही," असं काहीतरी म्हणाले.

मध्ये मॅडमनी पर्समधून वाचायचा चष्मा काढला. फोटोत कधी घालत नाहीत. डावी काडी ढिली होती, सारखा घसरत होता. मी पिशवीतला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून घट्ट करून दिला, नाकावरच्या गाद्याही नीट केल्या. त्या एवढ्या खूश झाल्या की मलाच अवघडल्यासारखं झालं. "चार महिने झाले, मी एका हाताने धरून वाचतेय," म्हणाल्या. एवढी माणसं दिमतीला, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लंबू दुकानात आला. चष्मा पुसायचं फडकं घ्यायला आलो म्हणाला, पण त्याला चष्मा नाही.

बातमी आहे म्हणाला. अल्बम काढणाऱ्या कंपनीला आमचं गाणं नको झालंय. लोकांना नाचायला येईल असं काही द्या, चर्चबिर्च कोण ऐकतं, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी भांडून दोन दिवस मिळवलेत. त्या दोन दिवसांत झालं तर झालं, नाहीतर स्टुडिओतल्या गाणाऱ्यांकडून करून घेणार. हे सगळं त्याला मॅडमच्या ड्रायव्हरकडून कळलं. सहीचा कागद ड्रायव्हरला कोणी दिला नसावा.

मी म्हटलं, "मग त्यांच्याकडून करून घेऊ दे. त्यांनाही पोट आहे."

लंबूचा चेहरा पडला. त्याने फडक्याची घडी उलगडली, परत घातली. "ताई, तुम्हाला एक सांगू का? राग मानू नका. आम्ही तुमच्याकडे बघून गातो. तुम्ही कुठे बघता?"

"तुमच्याकडेच. आणि कुठे बघणार?"

"बरं," म्हणाला, आणि फडकं घेऊन गेला.

विचित्र प्रश्न. समोर उभं राहून माणूस समोरच बघतो ना? आज घरी आरशासमोर हात करून पाहिले. हात तर बरोबर चालतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टुडिओचा पहिला दिवस. आम्ही सगळे एका बसमधून गेलो. शहराबाहेर गोदामासारखी इमारत, पाटीसुद्धा नाही. आत एवढी शांतता की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटतं. भिंतींना करडं कापड, जमिनीवर जाड गालिचा, टाळी वाजवली तर ती हातातच मरते. क्वायरला तीन रांगांत उभं केलं आणि समोर उंच दांड्यांवर माइक लावले. मी माइकच्या आणि क्वायरच्या मधोमध. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडच्या खोलीत. जाडसर, शांत माणूस. प्रत्येकाला नाव न विचारता "दादा," "ताई" म्हणतो.

मॅडम वेगळ्या छोट्या खोलीत उभ्या राहून गातात, आम्हाला त्या हेडफोनवर ऐकू येतात. म्हणजे हाक भिंतीपलीकडून येते आणि आम्ही भिंतीला उत्तर देतो.

सकाळपासून दुपारपर्यंत जमलं नाही. एकदा आमच्या क्वायरमधला बेकरीवाला शिंकला. एकदा मॅडमच थांबल्या. बाकीच्या वेळी काहीच चुकलं नाही आणि तरी जमलं नाही. कंपनीचा एक माणूस मागे खुर्चीत बसून फोनवर काहीतरी बघत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही, त्यावरूनच कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तोंड धुवायला गेले तर मॅडम बेसिनच्या कडेला टेकून उभ्या होत्या. नळ चालू होता, पण हात कोरडे. मी नळ बंद केला.

त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाचं कळलं मला. तो हे गाणं म्हणायचा ना?"

"हो. ऑगस्टमध्ये गेला."

"तुम्ही कशा आहात?"

"ठीक आहे. काम आहे, क्वायर आहे. वेळ जातो."

त्या आरशात बघत होत्या, माझ्याकडे नाही. "माझी आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होते. दुपारी कळलं. संध्याकाळी कार्यक्रम होता, तो मी केला. पूर्ण केला. लोक म्हणाले, केवढी धीराची बाई."

मी म्हटलं, "बरोबरच केलंत. लोकांनी तिकिटं काढलेली असतात."

त्यांनी आता वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. तिकिटं काढलेली असतात."

माझं काही चुकलं का कळलं नाही. सांत्वन करावं लागेल असं वाटलं नव्हतं, त्यांच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली असावीत. त्या म्हणाल्या, "तेव्हापासून चांगलंच गातेय मी. एकदाही चुकले नाही." मग माझ्या खांद्याला हात लावून गेल्या.

दुपारनंतरही जमलं नाही. बसमध्ये भावजय माझ्या शेजारी बसली होती. तीही क्वायरमध्ये आहे, दुसऱ्या रांगेत. तिने डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. मी दुपारी जेवले नव्हते म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं एकदाचं. कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण झालं असं म्हणतात.

आज मॅडमनी त्या छोट्या खोलीत जायला नकार दिला. आमच्यातच उभी राहणार म्हणाल्या. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून सांगितलं की मग सगळे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये जातील, नंतर कोणाचाच वेगळा काढता येणार नाही. त्या म्हणाल्या, "नको काढायला." संगीत दिग्दर्शकांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. कंपनीचा माणूस पहिल्यांदा फोन ठेवून सरळ बसला.

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, क्वायरच्या बाजूला, अगदी दोन हातांवर. हेडफोन काढून ठेवले. आम्हालाही काढायला लावले. मी हात वर केला.

त्यांनी हाक दिली. आज एकही हरकत घेतली नाही. गायल्या असंही म्हणता येणार नाही. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला आपण विचारतो तसं विचारलं, पाणी किती खोल आहे. आणि क्वायरकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं. आवाज थोडा फाटलेलाही होता. मला वाटलं त्या थांबतील, पण थांबल्या नाहीत. परत विचारलं. परत माझ्याकडे बघून.

पुढचं मधलं मला आठवत नाही. गाणं लांबलचक आहे, हात आपोआप चालतात. एवढं आठवतं की शेवटी शेवटी माझे हात खाली होते आणि क्वायर तरी चालली होती. हात कधी खाली आले माहीत नाही. ही माझी चूक, कबूल आहे, पण कोणी बोललं नाही.

गाणं संपलं. लंबू रडत होता. एवढा मोठा बाप्या, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता. भावजय रांगेतून बाहेर आली, माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभी राहिली, वॉर्डात नाडी बघतात तसं. मी म्हटलं, "मला काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही, ताई. पाणी प्या."

रेकॉर्डिस्ट काचेच्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभा राहिला. दिग्दर्शकांनी विचारलं, "अजून एकदा घ्यायचं?" मॅडम नाही म्हणाल्या. बहुतेक सगळेच दमले असावेत.

घसा दुखतोय. स्टुडिओत एसी फार होता.

९ फेब्रुवारी, रविवार

घसा अजून दुखतोय. उपासनेला नुसते हात केले. सगळे माझ्याशी फारच हळू आवाजात बोलत होते.

२० मार्च, गुरुवार

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज मालक म्हणाले, "तुमची भावजय भली बाई आहे हो. रोज दुपारी फोन करून विचारते, ताई जेवल्या का." मला माहीतच नव्हतं. मी जरा चिडले. मी काय तिच्या वॉर्डातली पेशंट आहे? घरी गेल्यावर तिला बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गेल्या वर्षी तुमचा हा ब्लाउज अंगाला बसत होता, ताई." आता यात ब्लाउजचा काय संबंध?

तिने हॉस्पिटलला आता जूनपर्यंतची मुदत मागितली आहे. मी म्हटलं, "तुला जायचंच नाहीये, सरळ सांग ना त्यांना." ती म्हणाली, "जायचंय की. फार जायचंय." मग का जात नाही ते काही सांगेना. या मुलीच्या मनाचा मला थांगच लागत नाही.

९ मे, शुक्रवार

अल्बम आला. आमचं गाणं त्यात आहे, सगळ्यात शेवटी. आता सांगायला हरकत नाही, पण सांगावंसं वाटतं असंही नाही.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमलो. पाळकांनी स्पीकर आणला होता. आधीची गाणी मी लक्ष देऊन ऐकली. चांगली आहेत. एकदोन नाचायची आहेत, कंपनीचंही ऐकावं लागलं असणार. मग आमचं लागलं.

मॅडमची पहिली हाक, आमचं उत्तर, सगळं छान. दुसऱ्या हाकेनंतर मात्र उत्तरात एक आवाज ऐकू आला. बाईचा, जाडाभरडा, सगळ्यांच्या किंचित मागे, आणि जरा जास्तच मोठा. "आम्ही आहोत" मधल्या "आहोत"ला तो उतरतो, सुराच्या खाली जातो आणि तिथेच ओढत राहतो. पुढे पुढे तर तो एकटाच ऐकू यायला लागतो. बाकीची क्वायर त्याच्या मागून येते, त्याला सांभाळून घेतल्यासारखी.

मला फार वाईट वाटलं. एवढी मेहनत, आणि एका बाईने मध्येच असं करावं. गाणं संपल्यावर मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं तर सगळे जमिनीकडे बघत होते. पाळक टेबलावरची वायर गुंडाळत बसले होते. मी म्हटलं, "रेकॉर्डिस्टने हे कसं राहू दिलं?" लंबूची बायको म्हणाली, "चहा घेऊ या का?"

घरी येताना मी भावजयीला विचारलं. दुसऱ्या रांगेत तिच्या जवळपास कोण होतं, तिच्या कानावर आलं असणारच. ती चालता चालता थांबली. दुकानं बंद व्हायची वेळ होती, समोर एक माणूस शटर ओढत होता. त्याचं झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"ताई, ते तुम्ही आहात."

मी म्हटलं, "मी तर हात करत होते."

"हो. हातही करत होतात, थोडा वेळ."

१० मे, शनिवार

सकाळी रेकॉर्डिस्टला फोन केला. वाटलं होतं तो नाही म्हणेल.

तो म्हणाला, "ताई, तुमच्या अगदी पाठीशीच माइक होता ना. मी तो आवाज खाली दाबायचा प्रयत्न केला, खरं सांगतो. कंपनीनेही सांगितलं होतं. मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, तो काढलास तर माझाही काढ."

मी विचारलं, "मी काय करत होते तेव्हा?"

"गात होतात," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि रडत होतात. पण गात होतात."

दुपारी दुकानातून लवकर आले. भावजय ड्यूटीवर होती. गाणं लावलं. तो आवाज आला की मी बंद करायची, परत मागे न्यायची. असं कितीतरी वेळा केलं. आधी मला काहीच ओळखीचं वाटलं नाही. मग "आहोत"ला तो जसा उतरतो, ते ऐकलं. हाक देऊन झाली की धाकटा उत्तरातही गायचा, आणि तसाच उतरायचा. त्याच शब्दाला, तेवढाच. मी त्याला किती वर्षं सांगत होते की वर धर, वर धर. तो म्हणायचा की मला तर बरोबरच लागतंय.

मलाही ते बरोबरच लागलं असणार.

मला अजून ते आठवत नाही. आठवावं म्हणून डोळे मिटून बसले तर फक्त मॅडमचा चेहरा दिसतो, दोन हातांवर, विचारताना. त्यांनाही उत्तर हवं असेल, हे आज डोक्यात आलं.

११ मे, रविवार

आज जेवताना मी भावजयीला म्हटलं, "तू जा."

"कुठे?"

"तुझ्या त्या मुलांच्या वॉर्डात. जूनची वाट बघू नकोस. तू का थांबलीस ते मला कळलंय."

ती खाली बघून जेवत राहिली. मग म्हणाली, "कधी कळलं?"

"काल."

तिला हसू आलं. मग हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिने ताट बाजूला सारलं. आठ-नऊ महिने ही मुलगी माझे डबे तपासत होती. तिचा नवरा गेला होता. माझा भाऊ गेला, हे मी सगळ्यांना सांगत होते. तिचा नवरा गेला हे मी एकदाही मनात म्हटलं नव्हतं. कोरडी म्हणत होते तिला.

मी उठून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "तो पाण्याचं गाणं पहिल्याच दिवशी चुकला होता, तुला माहितीये का? लग्नाआधीची गोष्ट. उत्तर येण्याआधी स्वतःच उत्तर देऊन मोकळा झाला."

ती म्हणाली, "घरीही तसंच करायचे. चहा करू का, असं विचारायचे आणि मी बोलायच्या आत, नको म्हणतेस ना, बरं."

मग आम्ही त्याच्याबद्दल बोललो. बराच वेळ. त्याच्या घोरण्याबद्दल, त्याने एकदा आमच्याच घराची बेल दुरुस्त करून कायमची बंद पाडली त्याबद्दल. माझ्या छातीत काही भरून वगैरे आलं नाही. फक्त जेवण सगळं संपलं, माझंही, हे उठताना लक्षात आलं.

२५ मे, रविवार

भावजय शुक्रवारी गेली. आज क्वायरमध्ये दुसऱ्या रांगेत जागा मोकळी होती.

पाळकांनी आधी न विचारताच पाण्याचं गाणं सांगितलं. अल्बममुळे बाहेरचेही बरेच लोक येतात हल्ली, ते गाणं ऐकायला. क्वायर माझ्याकडे बघायला लागली. हाक द्यायला कोणी नव्हतं, मॅडम थोड्याच येणार होत्या. मी दिली.

चांगली दिली नाही. पट्टी फार वरची धरली. दुसऱ्या हाकेला आवाज बसला, तिसरी तर नुसती हवाच निघाली. मी थांबले. क्वायर थांबली नाही. मी न विचारलेल्याचंही त्यांनी उत्तर दिलं, आणि मग मला परत विचारावं लागलं.

नंतर लंबू म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा खालून घ्या, ताई." मी बघते म्हटलं.

दुपारी भावजयीला फोन केला. तिची तिथे पहिलीच सुट्टी होती. खोलीला खिडकी मोठी आहे म्हणाली, वॉर्डात एक तीन वर्षांची मुलगी तिला सोडतच नाही म्हणाली. मग विचारलं, "आज कोणी दिली हाक?"

"मी. फार वाईट झालं."

"किती वाईट?"

मी सांगायला लागले. पट्टीचं सांगितलं, दुसऱ्या हाकेचं सांगितलं, आवाज गेला ते सांगितलं. सांगता सांगता शब्द नीट उमटेनासे झाले. लाइन खराब असेल असं वाटलं. मग हातातला फोन ओला लागला.

भावजयीने काही विचारलं नाही. फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.